खोगीरभरती नसलेलं खोगीर: मॅक्लेलन, 1859

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेतल्या मिसुरीच्या चौथ्या घोडदळात जर्मन स्थलांतरितांचा मोठा भरणा होता. त्यांतल्या शेतकऱ्याला घोडा नवा नव्हता, पण त्याची सवय घोड्यामागे नांगर धरून चालायची. आता महिना 13 डॉलरवर दिवसभर घोड्याच्या पाठीवर, आणि खाली हे खोगीर. अमेरिकी लष्करातले अधिकारी जॉर्ज मॅक्लेलन यांनी युरोपचा दौरा करून आल्यावर ते हुसारांच्या, म्हणजे युरोपातल्या हलक्या घोडदळाच्या, खोगिरावरून बेतलं आणि 1859 मध्ये लष्कराने स्वीकारलं.

याच्यात भरती अशी नाहीच. लाकडी सांगाडा, त्यावर ओलं असताना शिवलेलं कच्चं कातडं. ते वाळलं की आवळून बसतं. मधोमध लांब फट, त्यामुळे घोड्याच्या कण्यावर दाब येत नाही आणि वारा खेळतो. बैठकीची मापं तीन: 11, साडेअकरा आणि 12 इंच. रिकिबी लाकडी, पुढून चामड्याची टोपी. हलकं, स्वस्त, दुरुस्तीला सोपं. घोड्यासाठी उत्तम, स्वाराच्या बुडाचा विचार मात्र कुणी केलेला दिसत नाही.

खरी मदार खालच्या घोंगडीवर. सहा पदरी घडी, दुमड खांद्याकडे. घोंगडी जागेच्या थोडी पुढे टाकून मागे सरकवायची, म्हणजे केस उलटे फिरत नाहीत. खोगीर ठेवल्यावर पुढून घोंगडी बोटांनी वर उचलून फटीत पोकळी करायची, मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायचा. थोडं चालून झालं की तंग पुन्हा तपासायचा, कारण घोडा आवळताना पोट फुगवतो. एक सुरकुती किंवा काडी राहिली तरी पाठ लागते. जोताच्या घोड्याच्या गळपट्ट्याखाली घाम आणि घाण साचून खांदा कसा सोलतो, हे पाहिलेल्या माणसाला यात शिकवायला फार लागत नाही.

दगा होतो तो मोहिमेत. रोजची चंदी नियमाने 12 पौंड दाणा आणि 14 पौंड गवत, पण कूच लांबली की ती मिळेलच असं नाही. घोडा खंगला की सांगाडा खाली बसतो, फट असूनही खांद्याचा उंचवटा घासायला लागतो. भरीला मागच्या पिशव्या ठासून भरल्या तर कमरेवर जखमा. यावर उपाय दोनच: ओझं कमी करा, मधूनमधून उतरून पायी चाला. मुक्कामाला पोचताच खोगीर ओढून काढायचं नाही. तंग सैल करून पाठ थंड होऊ द्यायची.

दुसरा दोष कातड्याचा. पाऊस आणि ऊन आलटून पालटून लागलं की बैठकीवरची शिवण उसवते, कडा वर येते आणि मांडी कापते.

आज युद्धकाळाची प्रतिकृती म्हणून चामडं मढवलेली बैठक कुणी पुढे केली तर घेऊ नका. ते मढवणं 1870च्या दशकातलं.