स्नोमोबाइलसाठी हलकी लिथियम बॅटरी: वजन घटते, थंडीच्या अटी वाढतात

अमेरिकेतल्या कोलोराडोच्या डोंगरांत चालवायच्या फोर-स्ट्रोक स्नोमोबाइलमधली (बर्फावरून धावणाऱ्या गाडीतली) सहा किलोंहून जड लेड-ॲसिड बॅटरी काढून मी जेमतेम दोन किलोंची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी बसवली. खोल, भुसभुशीत बर्फात रुतलेली गाडी हाताने वळवताना फरक थोडा जाणवतो, सपाट वाटेवर अजिबात नाही.

कडाक्याच्या थंडीत बॅटरीतल्या सेलचा अंतर्गत रोध वाढल्यामुळे स्टार्टरचा पहिला प्रयत्न मरगळलेला असतो, मात्र त्याच प्रवाहाने सेल ऊबदार होत असल्याने क्षणभर थांबून पुन्हा बटण दाबले की इंजिन जोमाने फिरते. शून्याखालच्या तापमानात चार्जिंग केल्यास ऋणाग्रावर (सेलच्या ऋण इलेक्ट्रोडवर) लिथियम धातूचा थर साचून क्षमता कायमची घटते, म्हणून अशा थंडीतले चार्जिंग रोखणारे संरक्षक सर्किट असलेलेच मॉडेल निवडावे. माझ्या बॅटरीत ते आहे आणि जास्तीच्या किमतीचे समर्थन मला तेवढ्यावरच पटते.

वेष्टनावरचे अँपिअर-तास (साठवणक्षमतेचे माप) पुष्कळदा प्रत्यक्ष क्षमतेचे नसून ‘लेड-ॲसिडच्या तुलनेत’ दिलेले असतात, हा प्रकार मला लबाडीचा वाटतो. लेड-ॲसिड बॅटरीच्या पट्ट्यांवरचे सल्फेट काढणारा जुना चार्जर या लिथियम बॅटरीला लावू नये. दोरी ओढून सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक गाडीसाठी मी हा खर्च करणार नाही.