बी माय आईज अ‍ॅप: लातूरहून वापरतोय, लै कामाचं हाय

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं ते यावरून व्हिडिओ कॉल लावतात, त्यांच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यातलं आपल्याला दिसतं आणि काय दिसतंय ते आपण बोलून सांगायचं, बास. आपला चेहरा त्यांना दिसत नाही, नंबरबी कुणाचा कुणाला कळत नाही. डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन विबर्ग यांची ही कल्पना, त्यांना स्वतःलाच कमी दिसतं. 2015 ला आयफोनवर आलं, 2017 ला अँड्रॉइडवर, आणि फुकट हाय.

मी कोरोनात टाकलं. घरी वडलांना शुगर, त्यामुळं किराणा वाटायला फिरणाऱ्या पोरांसोबत जाता येत नव्हतं पण हातावर हात ठेवून बसवतबी नव्हतं. आणि तेव्हा ज्यांना दिसत नाही त्यांचे हाल बघा, दुकानात कुणाचा तरी हात धरून जायचं, वस्तू चाचपून बघायची, नेमकं तेच बंद झालतं, सगळ्यांना लांब राहा, हात लावू नका.

एका काकूंचा कॉल आलता, गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी वाचायला. पाकीट चमकतं, काहीच दिसेना, मग "काकू, खिडकीकडं पाठ करा, आता जरा तिरपं धरा" असं करत करत तारीख सापडली. इकडं-तिकडं म्हणून चालत नाही हो, डावीकडं, वर, चार बोटं मागं असंच सांगावं लागतं. आणि ऑक्सिमीटर वाचताना तर लै जपून, मशीन उलटं दिसत असलं तर 98 चे 86 दिसतात, समोरच्याचा जीवच जाईल ऐकून! आधी मशीनवरची अक्षरं सरळ हायत का बघायचं, मगच आकडा सांगायचा. सल्ला द्यायचा नाही, कमी वाटलं तर डॉक्टरला फोन करा एवढंच.

भाषेत मराठी नक्की निवडा, आपल्या बोलीत सांगितलं की समोरचा माणूस मोकळा बोलतो.

आता एक गोष्ट, कॉल लै कमी येतात. कॉल एकदम बऱ्याच जणांना वाजतो आणि पहिला उचलेल त्याला मिळतो, आणि मदत करणारे लाखोंनी हायत, मागणारे त्यामानानं थोडे. म्हणून अ‍ॅप काढून टाकू नका. मला तर वाटतं आपल्या मराठवाड्यात खरं काम दुसऱ्याच बाजूला हाय, ज्यांना गरज हाय त्यांना हे माहीतच नाही. गावात, भावकीत कुणाला दिसत नसेल तर त्यांच्या फोनमधी टाकून द्या, टॉकबॅक चालू करा म्हणजे स्क्रीनवरचं फोन वाचून दाखवतो, आणि डबल टॅप कसं करायचं ते शेजारी बसून शिकवा. लांब असाल तर घरातल्या कुणाला तरी फोनवर एकेक पायरी सांगा, जमतं, मी नांदेडच्या मावशींना असंच लावून दिलंय.