पोहोचल्यानंतरचा अर्धा तास: मुलांसाठी बांधून घेतलेल्या कॅम्पर व्हॅनचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात, गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, आमची व्हॅन बांधून हातात आली. त्यानंतरच्या दहा महिन्यांत ती अकरा हजार किलोमीटरांहून थोडी अधिक धावली आणि आम्ही चौघे, म्हणजे आम्ही दोघे, नऊ वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा, तिच्यात ४६ रात्री झोपलो. मूळ गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची (म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराची) आणि उंच छताची आहे. आतल्या कामाला सव्वानऊ लाख रुपये लागले. गाडीची किंमत त्यात धरलेली नाही.

व्हॅन पाहायला येणारे बहुतेक जण पलंग केवढा आहे आणि एसी आहे का, हे आधी विचारतात. आम्हीही बांधणीपूर्वी हेच विचारत होतो. आता माझा निकष बदलला आहे. संध्याकाळचे सात वाजले आहेत, पाऊस पडतो आहे, एक मूल झोपेला आले आहे, दुसऱ्याला भूक लागली आहे आणि गाडी कोणाच्या तरी अंगणात नुकतीच थांबली आहे. अशा वेळी पुढच्या अर्ध्या तासात किती गोष्टी उचलाव्या, सरकवाव्या, उलगडाव्या लागतात, यावर मी बांधणी चांगली की वाईट, हे ठरवते. पुढचे सगळे या निकषातून लिहिले आहे.

आधी कायद्याचे, कारण त्यात आमचे दोन महिने गेले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि मोटर कॅरव्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठी, एआयएस-१२४ हे स्वतंत्र वाहन मानक आहे. आम्ही प्रथम ज्या गॅरेजात गेलो होतो, तेथे प्लायच्या तळावर बोल्ट मारून आसने बसवायची आणि मुलांसाठी भिंतीला लागून आडवा बाक करायचा, असा बेत सुचवण्यात आला. कागदपत्रांचे काय, असे विचारल्यावर ‘कोणी विचारत नाही’ हे उत्तर मिळाले. आम्ही तेथून निघालो आणि मंजुरी घेऊन काम करणाऱ्या दुसऱ्या कारखान्यात गेलो. खर्च वाढला, पण मुलांची दोन्ही आसने तोंड पुढे असलेली, तीन बिंदूंच्या पट्ट्याची (खांदा आणि कंबर दोन्ही धरणाऱ्या सीटबेल्टची) आणि गाडीच्या मूळ सांगाड्याला जोडलेली मिळाली. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना बसवले, तर कलम १९४ब खाली एक हजार रुपये दंड आहे. मात्र आमच्या बाबतीत दंडापेक्षा कुंभार्ली घाटातील एक करकचून मारलेला ब्रेक अधिक बोलका ठरला. त्या दिवशी मागच्या फळीवरचा तीन लिटरचा कुकर चालकाच्या आसनापर्यंत आला आणि मुले जागची हलली नाहीत. आमच्या आसनांना आयसोफिक्सच्या, म्हणजे बालआसन थेट अडकवण्याच्या, कड्या नाहीत, म्हणून धाकट्याचे बालआसन पट्ट्यानेच आवळावे लागते. खरेदी करताना पट्ट्याने बसणारे आसन आहे ना, हे तपासूनच घ्यावे.

आसनांची जागाही महत्त्वाची आहे. ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात असल्यामुळे घाटात मुलांना उलट्यांचा त्रास बराच कमी होतो. मागच्या चाकाच्याही मागे बसलेल्या माणसाला तोच घाट दुप्पट वळणांचा वाटतो, हे मी स्वतः बसून पाहिले आहे. तरीही आलेपाकाची बरणी आणि झाकणाचा डबा हाताशी असतोच. आसनांवर कापड न घालता रेक्झिन घातले, त्याबद्दल मी कारखान्यातल्या त्या शिवणकाम करणाऱ्या काकांचे मनोमन अनेकदा आभार मानले आहेत.

आता झोपण्याची सोय. मूळ आराखड्यात जेवणाचे टेबल खाली उतरवून त्याचा पलंग करायचा होता. चित्रात ते फार सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात टेबलावरचे सामान हलवायचे, पाय दुमडायचे, गाद्यांचे चार तुकडे जुळवायचे आणि तोपर्यंत मुलांना उभे कोठे करायचे, हा प्रश्न पहिल्याच मुक्कामात पडला. गुहागरला आम्ही त्या रात्री पावसात पोहोचलो होतो. पलंग तयार होईपर्यंत धाकटा चालकाच्या आसनावर स्टिअरिंगला डोके टेकून झोपून गेला होता आणि मध्येच हॉर्न वाजत होता. परत आल्यावर आम्ही मागे आडवा, कायमचा पलंग करून घेतला आणि त्याखेरीज मुलांसाठी एकावर एक दोन अरुंद बर्थ बसवले. बसण्याची जागा त्यामुळे कमी झाली, टेबल छोटे झाले. पण आता गाडी थांबली की मूल थेट आडवे होऊ शकते. रोज उलगडून रोज मिटावी लागणारी वस्तू चार मुक्कामांनंतर कोणीही उलगडत नाही, असा आमच्या घरचा तरी अनुभव आहे.

वरच्या बर्थचा कठडा सुरुवातीला गादीपासून जेमतेम १५ सेंटिमीटर वर होता. थोरली शांत झोपते, म्हणून तो पुरेसा वाटला. एका रात्री हट्टाने धाकटा वर झोपला आणि पहाटे त्याचे दोन्ही पाय कठड्याबाहेर लोंबकळताना दिसले. मी घाबरून त्याला तसेच धरून उभी राहिले. दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या बोहरी आळीतून रुंद नायलॉनचा पट्टा आणि बकले आणून वर ३५ सेंटिमीटर उंचीची जाळी शिवून घेतली. ती दिवसा खाली सोडता येते आणि रात्री दोन बकलांत अडकते. बकले बाहेरच्या बाजूला आहेत, परंतु आतून हात घालून थोरलीला ती उघडता येतात, कारण अडचणीच्या वेळी तिला स्वतःहून खाली येता आले पाहिजे.

फर्निचर हा स्वतंत्र अध्याय आहे. बर्थ आणि कपाटांचे काम आमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी केले. हात सुरेख, पण सवय घरकामाची. “वहिनी, घरात लावतो तसंच लावतो, वीस वर्षं हलणार नाही,” असे म्हणून त्यांनी १९ मिलिमीटरचा प्लाय, सनमायका आणि खिळे वापरायला घेतले. घर धावत नाही, हा मुद्दा आम्हा दोघांच्याही लक्षात उशिरा आला. आठ बाय चार फुटांच्या १९ मिलिमीटर प्लायच्या एका शीटचे वजन ३५ किलोच्या पुढे जाते. १२ मिलिमीटरचे २३ किलोंच्या आसपास असते. तीन शीट बदलल्या, तरी एका शाळकरी मुलाइतके वजन कमी होते. शिवाय हंपीहून परत येईपर्यंत खिळ्यांनी जागा सोडली होती आणि प्रत्येक खड्ड्याला कपाट करकरत होते. नंतर त्याच मिस्त्रींनी, मनापासून ओशाळून, आयएस ७१० दर्जाचा, म्हणजे पाण्यात टिकणारा, १२ मिलिमीटर प्लाय, अॅल्युमिनियमचे कोन आणि नटबोल्ट वापरून सगळे पुन्हा बांधले. ड्रॉवरना लोहचुंबकाचे कॅच अजिबात चालत नाहीत. वळणावर थोरलीची पुस्तके दोनदा जमिनीवर आल्यानंतर आम्ही दाबून उघडणारी कुलपे बसवली. सामानासकट गाडी वजनकाट्यावर चढवून पाहणे, हे काम आम्ही सर्वांत शेवटी केले. ते सर्वांत आधी करायला हवे होते.

वीज आमच्या अपेक्षेपेक्षा चांगली चालली. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. छतावर १८० वॉटच्या दोन सोलर पाट्या आहेत आणि गाडी चालू असताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर चालणाऱ्या वीजजनित्रावरून) ३० अँपिअरने बॅटरी भरते; तीन तासांच्या प्रवासात सव्वा युनिटाच्या जवळपास वीज जमा होते. डिसेंबरातल्या स्वच्छ उन्हात सोलर एकटे पुरते. जूनमध्ये आंबोलीला मात्र पाट्या नावापुरत्याच होत्या आणि सगळा भार अल्टरनेटरवर आला. ४५ लिटरचा बारा व्होल्टवर चालणारा फ्रिज दिवसाला अर्धा युनिट घेतो, पंखे आणि दिवे नगण्य. एसी आम्ही घेतला नाही. ताशी युनिटभर वीज खाणारे यंत्र अडीच युनिटांच्या बॅटरीवर चालवण्याचा हिशेब जुळत नव्हता, आणि मे महिन्यात खाली उन्हात जाण्याऐवजी महाबळेश्वरला जाणे अधिक शहाणपणाचे वाटले. छतातला बाहेर हवा फेकणारा पंखा आणि दोन जाळीच्या खिडक्या यांवर आमचे भागते. दाराला लावलेली चुंबकाची मच्छरदाणी मुलांनी तीन आठवड्यांत फाडली. सरकती जाळी टिकली आहे.

स्वयंपाकासाठी आत इंडक्शन आणि बाहेर पाच किलोच्या छोटू सिलिंडरवरची एक शेगडी, अशी विभागणी केली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो, आणि आमचा धाकटा खालच्या बर्थवर झोपतो. एवढे कारण मला पुरेसे होते. सिलिंडरचे कपाट फक्त बाहेरून उघडते आणि त्याच्या तळाला छिद्रे आहेत. इंडक्शनवर चौघांची मुगाची खिचडी एक तृतीयांश युनिटाच्या आत होते. पोहोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासात खिचडीखेरीज काहीही करायचे नाही, हा नियम मी केला आहे आणि तो मोडण्याचा मोह फक्त नवऱ्याला होतो.

पाण्याने मात्र आम्हाला चांगलाच धडा दिला. स्वच्छ पाण्याची टाकी ७० लिटरची, सांडपाण्याची ४० लिटरची आणि नळ उघडला की आपोआप सुरू होणारा पंप, अशी रचना होती. एका रात्री तीनच्या सुमारास बारीक घूंघूं असा आवाज ऐकून मी उठले, तर पाय ठेवला तेथे पाणी. धाकट्याने झोपेच्या आधी दात घासून नळ अर्धवट सोडला होता, टाकी तेव्हा रिकामी असल्याने पाणी आले नव्हते, आणि आम्ही रात्री उशिरा, ज्यांच्या अंगणात गाडी उभी होती त्यांच्या पाइपने टाकी भरून पंपाचे बटण चालू ठेवले. ७० लिटर पाणी ४० लिटरच्या टाकीत मावणार कसे? चटई, चपला आणि खालचा ड्रॉवर भिजले. आता बेसिनला पायाने दाबायचा पंप आहे. मुलांना तो खेळासारखा वाटतो, शिवाय पाय थांबला की पाणी थांबते. पूर्वी दिवसाला ५० लिटर लागणारे पाणी ३० ते ३५ लिटरांत भागू लागले, हा अनपेक्षित फायदा.

शौचालयाविषयी आपल्याकडे स्पष्ट बोलले जात नाही, म्हणून मी बोलते. खाली सरकवून काढता येणारी टाकी असलेले पोर्टेबल टॉयलेट आहे आणि मुलांबरोबर प्रवास करताना ते अपरिहार्य आहे. रात्री दोन वाजता, पावसात, चार वर्षांच्या मुलाला छत्री धरून बाहेर नेऊन पाहावे. अडचण टाकी रिकामी करण्याची आहे. आम्ही जेथे जेथे राहिलो, तेथे त्यासाठी वेगळी जागा नव्हती. राज्याचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले, पण आमचा रस्त्यावरचा अनुभव असा, की घरगुती निवासाच्या मालकांना आधी स्पष्ट विचारावे, ते ‘हो’ म्हणाले तरच त्यांच्या शौचालयात टाकी रिकामी करावी आणि नंतर भरपूर पाणी ओतून जागा स्वतः धुवावी. आम्ही मोठी माणसे शक्यतो बाहेरचेच शौचालय वापरतो, त्यामुळे टाकी तीन दिवस जाते. चौघांनी वापरली तर दुसऱ्या दिवशीच भरते.

जानेवारीत भंडारदऱ्याला वेगळीच गोष्ट कळली. थंडीमुळे खिडक्या बंद, आत चार माणसांचा श्वास, आणि पहाटे पत्र्यावरून पाण्याचे ओघळ. धाकट्याची उशी एका बाजूने ओली होती. घरी येऊन गाद्या उचलल्या तेव्हा खाली काळ्या बुरशीचे ठिपके दिसले. भिंतींना उष्णता-थंडी रोखणारे नायट्रिल फोमचे अस्तर आहे, परंतु खांबांचा पत्रा उघडाच राहिला होता. पाणी तेथेच जमत होते. खांब झाकले, पलंगाच्या सलग फळीऐवजी फटी ठेवून पट्ट्या बसवल्या आणि थंडीतही छताचा पंखा सर्वांत मंद वेगावर चालू ठेवला. त्यानंतर बुरशी दिसलेली नाही.

किरकोळ गोष्टींपैकी दोन सांगते. गाडीची पहिली पायरी जमिनीपासून मुलांच्या गुडघ्याहून वर येते, म्हणून घडीची जोडपायरी हवीच. आणि छतावरच्या पंख्यासकट गाडीची उंची मोजून ती डॅशबोर्डवर चिकटवावी. कोकणातल्या वाड्यांत फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा आपल्यासाठी वर होत नाहीत. मार्चमध्ये वेळासला जाताना शेवटच्या वळणावर नवऱ्याला गाडी तब्बल दोनशे मीटर मागे घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला आम्ही वेळेवर पोहोचलो, ते केवळ मुले रात्री साडेआठला आपापल्या बर्थवर झोपली होती म्हणून.

बर्थची लांबी १५५ सेंटिमीटर आहे. थोरली आता १३८ सेंटिमीटरची झाली आहे आणि गेल्या वर्षभरात सहा सेंटिमीटर वाढली आहे. तिच्या पायाकडची फळी नटबोल्टची असल्यामुळे ती काढून कपाटात २० सेंटिमीटर जागा मिळवता येईल. मिस्त्रींनी परवा येऊन माप घेतले आहे, आणि या वेळी त्यांनी स्वतःहून खिळ्यांचा डबा घरीच ठेवला होता.