फ्यूजलाज कशाचं: पत्रा, नळी की फायबर?

अमेरिकेत गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतो म्हटलं की मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे त्या कांदिवलीच्या अमोल यादवांसारखं?" तसं नाही. त्यांनी गच्चीवर बांधलेलं विमान 2016 साली बीकेसीच्या 'मेक इन इंडिया'मध्ये होतं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली. पण ते किट नव्हतं. किटमध्ये बरेच भाग तयार येतात. निम्म्याहून जास्त काम मात्र हौशी माणसाचं असावं लागतं, तरच एफएए (अमेरिकेचं विमान-नियमन खातं) त्याला 'अमॅच्युअर बिल्ट' मानते.

फ्यूजलाजसाठी, म्हणजे विमानाच्या धडासाठी, तीन वाटा आहेत. वजन, वेग, किंमत यांवर लोक तासन् तास बोलतात. मी आधी एकच विचारतो: चूक झाली तर ती दिसेल का, आणि निस्तरता येईल का?

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा (व्हॅन्स कंपनीची आरव्ही विमानं) इथे सरळ जिंकतो. आरव्ही-7 सारख्या किटमध्ये भोकं आधीच पाडलेली येतात, त्यामुळे पत्रे आपसूक जागेवर बसतात. क्लेकोंनी, म्हणजे तात्पुरत्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी, धरायचं (चंदेरी लहान भोकाला, तांबूस मोठ्या), सुटं करायचं, प्रत्येक भोकाची बर (कडेची खरखर) काढायची, रिवेटचं डोकं बुडावं म्हणून डिंपल (खळगे) पाडायचे, पुन्हा धरायचं आणि मग रिवेट, म्हणजे पत्रे कायमचे जोडणारा धातूचा खिळा. हे हजारो वेळा. एक जण रिवेट ठोकायची गन धरतो, दुसरा आत वाकून रिवेटमागे बकिंग बार, म्हणजे पोलादी ठोकळा. एक अष्टमांश इंची रिवेटचं आतलं डोकं तीन षोडशांश रुंद आणि एक षोडशांश उंच व्हायला हवं, ते गेजने लगेच कळतं. गन घसरली तर रिवेटच्या डोक्याशी अर्धचंद्र उमटतो; त्याला सगळे 'स्मायली' म्हणतात. रिवेट बिघडला तर डोक्यात ड्रिल घालायचं, डोकं उडवायचं, दांडा ठोकून काढायचा. पाच मिनिटांचं काम. घाईत भोक मोठं झालं तर मात्र पंचाईत.

तोटा म्हणजे आवाज. रात्री दहाला रिवेट गन चालवलीत तर शेजारी बोलणं टाकतील. आणि बार धरायला माणूस लागतोच. माझा अनुभव असा की बायको पहिले दोन शनिवार हौसेने येते. एकट्याने करायचं असेल तर आरव्ही-12 बघा, त्यात बहुतेक पुल रिवेट आहेत; ते एका बाजूनेच ओढून बसतात, बार लागत नाही.

स्टीलच्या नळ्या आणि वर कापड (किटफॉक्स नावाचं किट-विमान) हा पर्याय लोक वेल्डिंगच्या धास्तीने सोडतात. पण किटफॉक्सचा सांगाडा कारखान्यातूनच वेल्ड होऊन येतो. तुमच्याकडे उरतं ते बसवाबसवीचं आणि कापडाचं काम. पॉलिएस्टर कापड गोंदाने चिकटवून इस्त्रीने आकसवायचं, शेवटचा हात 350 फॅरनहाइटला. त्याच्या वर गेलात तर ताण ढिला पडतो, म्हणून इस्त्री आधी तापमापकाने तपासायची. काम शांतपणे होतं. कापड बिघडलं तर फाडून नवं. वेग कमी, पण शेतातल्या धावपट्टीवर उतरायचं असेल तर हेच.

फायबरग्लास आणि फोम ही विमान-डिझायनर बर्ट रुटानच्या लाँग-ईझी विमानाची वाट. विमान देखणं, गुळगुळीत, वेगवान. मी नवख्याला सुचवत नाही. काचेचं कापड चिकटवणारी राळ, म्हणजे इपॉक्सी, कालवली की घड्याळ सुरू; हात मध्येच थांबवता येत नाही. खोली पंचविसेक अंश सेल्सियस ठेवायची, म्हणजे मिशिगनच्या जानेवारीत गॅरेज तापवत बसा. या काचेच्या कापडाखाली हवा राहिली तर ओलं असतानाच पांढुरका डाग दिसतो. त्यावर फिलर (भरणीचा लेप) चढला की काय झाकलं गेलं ते कोणी सांगू शकत नाही. शिवाय इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्माची, हातमोजे विसरू नका. घासणं तर विचारूच नका.

तरी ठरत नसेल, तर आरव्ही-7 चं किट टप्प्याटप्प्याने मिळतं आणि पहिला टप्पा शेपटीचा. तेवढंच मागवा. तीन महिन्यांनी ती पुरी झाली असेल तर फ्यूजलाजची ऑर्डर द्या; कोपऱ्यात धूळ खात असेल तर विकून टाका, अर्धवट शेपट्यांना गिऱ्हाईक मिळतं.