वॉकर, चारपायी काठी की व्हीलचेअर?

लकव्यातून उठलेल्या माणसासाठी घरचे डोळे झाकून वॉकर आणतात. दिसायला भक्कम, पण बिनचाकी वॉकर दर पावलाला दोन्ही हातांनी उचलून पुढं ठेवावा लागतो. एक हात लुळा असला की तो तिरका होतो आणि माणसाला घेऊनच पडतो. तेव्हा आजाराचं नाव राहू द्या, आधी हात बघा.

खुब्याचं ऑपरेशन झालंय, दोन्ही हातांत ताकद आहे, तर वॉकरच घ्या. एकच हात चालत असेल तर चारपायी काठी. ती अधू पायाच्या बाजूला धरायची नाही, चांगल्या बाजूच्या हातात धरायची. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठीचे चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. घरातल्या शहाबादीवर ते जमतं, अंगणातल्या ढेकळांवर काठी डुगडुगते. पावसाळ्यात तर काळ्या मातीचा चिखल पायांच्या रबरी बुचांना घेऊन काठी घरात आली की ती सरकलीच. बुचं पुसा, झिजली की बदला.

जुन्या माळवदाच्या घरांना उंच उंबरठे. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी, मग अधू पाय. सोबतच्यानं अधू बाजूला, किंचित मागं राहून कमरेला आधार द्यावा. काखेत हात घालून ओढलं तर लुळा खांदा निसटतो. आपल्याकडं मात्र सगळे नेमकं तेच करतात.

व्हीलचेअर दवाखाना, तहसील, लग्नकार्य यांसाठी. घरात थोडंफार चालणाऱ्याला दिवसभर तिच्यात बसवलं तर आहे ते चालणंही जातं. शिवाय ओटा 1 फूट उंच असेल तर नीट उतार 12 फुटांचा लागतो. गल्लीत एवढी जागा कुणाकडं? मग आखूड फळी टाकतात. तिच्यावरून उतरवायचीच वेळ आली तर खुर्ची उलटी, पाठ उताराकडं करून उतरवा. बसता-उठताना दोन्ही ब्रेक लावायचे, पायठेवणी वर उचलायची.

पैशाचं म्हणाल तर केंद्राच्या एडिप योजनेतून साहित्य मिळतं, त्याला किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. 65 वर्षांवरच्या, बेताच्या उत्पन्नाच्या लोकांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी 3000 रुपये आहेत. त्यात काठी किंवा वॉकर आरामात बसतो. फुकटची खुर्ची मात्र बसून बघितल्याशिवाय उचलू नका. मांडीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांहून जास्त जागा उरली तर माणूस एका अंगाला कलंडतो.