तीन वर्षांवर थांबावं की चौथं ऑनर्सचं करावं?

तिसऱ्या वर्षाची मुलं भेटली की हाच विषय निघतो. नव्या शैक्षणिक धोरणात दोन्ही वाटा आहेत: तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांचं एम.ए. करायचं, की ऑनर्स, म्हणजे पदवीचं चौथं वर्ष, करून एम.ए. एका वर्षात पुरं करायचं? वर्षं दोन्हीकडे पाचच. मी इतिहासाचा, स्वायत्त महाविद्यालयातल्या २०२३ च्या तुकडीतला. चौथ्याला प्रवेश घेतलाय.

तीन वर्षांची बाजू कमी नाही. एमपीएससीला साधी पदवी चालते, आणि यंत्रमागाच्या पगारावर घर चालत असेल तर पदवी लवकर हातात येणं मोठी गोष्ट आहे. आमच्या वडिलांची धास्ती वेगळी होती: दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांचा अभ्यासक्रम आणला आणि २०१४ मध्ये मागे घेतला, तसं इथं झालं तर? पण तिसऱ्या वर्षापर्यंत कमावलेली पदवी कुठं जात नाही, हे पटल्यावर ते गप्प बसले.

माझं मन वळलं ते प्रकल्पामुळं. विषय होता १९३० चा सोलापूरचा मार्शल लॉ. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या त्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं इथल्या पोरासोरांना पाठ असतात. मला पेठांमधल्या घरांत काय आठवणी उरल्यात ते हवं होतं. साखर पेठेतल्या एका आजींनी पत्र्याची ट्रंक पुढं ओढली, सासऱ्यांची गांधी टोपी कुठं लपवली होती ते तेलुगू-मराठीत सांगायला लागल्या आणि दमल्या. "उद्या ये, बाळा." उद्या प्रकल्प जमा करायचा होता. बारा पानांत सगळं कोंबलं. ती रुखरुख अजून जात नाही. एम.ए.ला जाऊन पुन्हा इतिहासलेखनाच्या पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करायची माझी तयारी नव्हती.

ऑनर्सची मूळ कल्पनाही हीच असावी. अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात फ्रँक एडेलॉट यांनी १९२२ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्तीवर ती रुजवली: शेवटची दोन वर्षं छोट्या गटात खोल अभ्यास, परीक्षक बाहेरचे.

संशोधनासह ऑनर्सला, म्हणजे चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करायचा असेल तर, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. तेवढे असतील, तर निदान आपल्या विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक किती आहेत ते आधी विचारून या. मार्गदर्शक नसतील, तर केगावला सोलापूर विद्यापीठात चौकशी करा.