दांडिया बाजारातील तत्त्वज्ञानाचा वर्ग: नोकरदारांना कितपत उपयोगी?

बडोद्याच्या दांडिया बाजारात दर शनिवारी संध्याकाळी मराठीतून भरणाऱ्या या वर्गाची जाहिरात ‘बदलत्या काळात टिकणारे करिअर’ अशा शब्दांत केली जाते, त्यामुळे हे आणखी एक व्यक्तिमत्त्व विकास शिबिर असावे असा समज सहज होतो. वर्गाचा चांगला भाग मात्र त्या जाहिरातीहून शांत आणि बराच अवघड आहे.

हा चांगला भाग म्हणजे न्यायदर्शन, म्हणजेच अचूक तर्क कसा करावा हे सांगणारे प्राचीन भारतीय दर्शन. प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (ते उदाहरण प्रस्तुत बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) हे अनुमानाचे पाच अवयव ‘पर्वतावर धूर आहे, म्हणून तेथे अग्नी आहे’ या जुन्या दाखल्याने समजावून झाले, की प्रत्येकाला स्वतःच्या नोकरीविषयीची भीती याच साच्यात लिहावी लागते. ट्रान्सफॉर्मरचे आराखडे करणाऱ्या एका सहाध्यायाने ‘माझे काम जाणार, कारण ते संगणकावर होते’ असे लिहिले होते. आराखडे कित्येक वर्षांपासून संगणकावरच होत असून ते करणारी माणसे कामावर आहेत, म्हणजे संगणकावर होणे हा हेतू काम जाते तेथे आढळतो तसाच राहते तेथेही आढळतो, हे चर्चेत पुढे आले. अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. भीती पुरती गेली नाही, पण आपल्या कामातला नेमका कोणता भाग यंत्राकडे जाऊ शकतो आणि त्यासाठी काय शिकावे लागेल, हा विचारण्याजोगा प्रश्न त्याच्या हाती आला. विरुद्ध बाजू मांडणाऱ्याने आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, असा सांगायचा की मूळ बोलणाऱ्याने ‘हेच माझे म्हणणे’ अशी कबुली द्यावी, हा नियम तर आमच्या कार्यालयांतील बैठकांनाही लागू करावा.

प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्यावरील सत्रे त्या मानाने फिकी वाटली. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही हा त्याचा भेद, तो स्वतः गुलाम होता हे लक्षात घेतले की, वजनदार ठरतो. परंतु पगारवाढ आणि नोकरकपात सरसकट ‘हाती नसलेल्या’ रकान्यात टाकली गेली, आणि संघटित होऊन मागणी करणेही माणसाच्या हातचे असते याचा उल्लेखही झाला नाही. मालकांना हा भाग फार आवडेल.

आजीवन शिक्षणासाठी दिलेले उदाहरण बडोद्याचेच आहे. 1893 ते 1906 या काळात संस्थानच्या सेवेत असलेल्या अरविंद घोषांनी सर्व्हे सेटलमेंट खात्यापासून सुरुवात केली, पुढे महाविद्यालयात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले, आणि त्याच वर्षांत संस्कृत व बंगालीचा अभ्यास केला. अर्थात केंब्रिजहून आलेल्या आणि खुद्द सयाजीरावांच्या मर्जीतल्या माणसाला खाते बदलणे जितके सोपे गेले, तितके ते आपल्याला जाणार नाही, हे शिक्षकांनी सांगायला हवे होते.

कौशल्य येथे शिकवले जात नाही. त्यासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’सारख्या ऑनलाइन मंचावरील अभ्यासक्रम वेगळा करावा लागेल. बायोडेटा सुधारण्याचे शेवटचे सत्र वगळले तरी चालेल. शुल्क माफक असले तरी ते एकरकमी घेतात, म्हणून पहिले सत्र विनाशुल्क बसून पाहण्याची परवानगी आवर्जून मागावी; ती मिळते. गाडी लावायला जागा नाही, रिक्षाने गेलेले बरे.